एकट्याला न वाढणारे अप्पा

सतराव्या वर्षी मी एका भल्या माणसाचं त्याच्याच खानावळीत, भरल्या पंगतीसमोर हसं केलं, आणि दिवसभर स्वतःच्या अकलेवर खूश होऊन हिंडले. आज नातवंडं मला शहाणी समजतात. समजू देत, मी कशाला सांगायला जाऊ?

खानावळ सिद्रामप्पांची. लोहाऱ्यात, कचेरीच्या वाटेवर, आमच्या घराला अगदी लागून. मधे भिंत नव्हती. तुराट्यांचा कूड होता, दोन्ही अंगांनी शेणामातीनं लिंपलेला. राज्य निजामाचं. आमचे हे कचेरीत उर्दूत कागद खरडायचे. सासूसासरे गावी, तिकडच्याच वाशीला. घरात मी आणि चूल, आणि दोघींचं काही जमत नव्हतं. माझी भाकरी तेव्हा हैदराबाद संस्थानाच्या नकाशासारखी व्हायची, कड कुठंही वळलेली. लग्नाआधी चार वर्षं हे अप्पांकडंच जेवलेले. माझी भाकरी मोडताना ह्यांची नजर कुडाकडं जायची. बोलायचे नाहीत, पण मला दिसायचं ना! त्यामुळं अप्पांवर माझा दात पहिल्यापासूनच.

अप्पांची एक अट होती. एकट्या माणसाला ते वाढत नसत. शेंगाची चटणी, येसराची आमटी, बुक्कीनं फोडलेला कांदा, पापडासारखी कडक भाकरी, सगळं तयार असायचं. पण गिऱ्हाईक एकटं आलं की त्याला पाण्याचा तांब्या देऊन बसवायचं आणि स्वतः रस्त्यावर उभं राहायचं. जाणाऱ्यायेणाऱ्याला हाक, "ऊटा आतेन्री? जेवण झालं का? न्हाय? मग या की, तुमच्यापायी एक माणूस खोळंबलाय!" जसं काही त्या माणसानंच उशीर केला.

एकदा भर उन्हात घोड्यावरनं महसूल तपासणारे गिरदावर साहेब आले. भुकेनं डोळे लाल. अप्पांनी तांब्या दिला आणि गेले रस्त्यावर. साहेब गरजले, "हम सरकारी आदमी हैं!"

अप्पा दारातनंच म्हणाले, "तेच म्हणतो साहेब. सरकार कधी एकट्याचं खातंय व्हय? दोघाचं खातंय. मग तुमी एकलेच कसं जेवता?"

शेवटी म्हशींचा एक दलाल धरून आणला आणि साहेबांसमोर बसवला. अर्ध्या तासानं साहेब त्याच्या ताटातली चटणी उचलत होते आणि घरच्या म्हशीच्या कासेचं दुखणं सांगत होते. हे सगळं मी कुडाला कान लावून ऐकलेलं. दुसरा उद्योग काय होता मला?

ह्यांना दहाला वाढायचं, ते गेले की धुणंभांडी उरकायची, आणि उन्हं कलल्यावर ह्यांच्याच ताटात आपण जेवायला बसायचं. तीच रीत होती. माहेरी आम्ही अकरा माणसं. इथं मी, ताट आणि एक माशी. ताट मांडलं की कुडामागं रोज कट् कट् आवाज यायचा. मला वाटलं घूस आहे, कूड कुरतडतेय. एक दिवस लिंपण उकरून मी भोकातनं पाहिलं. घूस कुठली! कुडाकडं तोंड करून, मांडीवर ताट घेऊन अप्पा एकटेच कडक भाकरी मोडत बसलेले.

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! चोर सापडला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी विस्तव मागायच्या निमित्तानं गोवरी घेऊन मी खानावळीच्या मागल्या दारी गेले. बाईमाणसानं पंगतीपुढं बोलायचं नसतं हे मला ठाऊक होतं, म्हणून दारातनंच बोलले; फक्त आवाज देवळापर्यंत जाईल एवढा लावला.

"अप्पा, एकट्याला वाढत न्हाय म्हणता, अन् सोता कुडाकडं तोंड करून चोरून खाता व्हय? तूप लपवलंय का काय?"

पंगत खदाखदा हसली. कुणीतरी ओरडलं, "सापडला की हो अप्पा!" अप्पांच्या हातातला आमटीचा पळा तसाच राहिला. मग तेही हसले. म्हणाले, "व्हय, चुकलंच माझं." आणि माझ्या गोवरीवर स्वतः निखारा ठेवला.

त्या दिवसापासून ते शेवटच्या पंगतीत, चार लोकांत बसून जेवायला लागले. माझा विजय झाला.

आणि माझं जेवण थांबलं. ताट घेऊन बसलं की कुडामागं सामसूम. भाकरी तशीच उरायची. तिसऱ्या दिवशी मी ते भोक परत लिंपलं, चौथ्या दिवशी परत उकरलं. पलीकडं नुसती राख. असली कसली ओढ, एका घुशीच्या आवाजाची? मला माझंच हसू येईना.

खानावळीत भाकरी थापायला नागव्वा होती. आठवड्यानं ती आमच्या परसात आली, माझ्या ताटातली तशीच उरलेली भाकरी पाहिली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तू बी जेवत न्हाईस व्हय? तिकडं अप्पाची बी अर्धी भाकरी उरतीया. अगं येडे, ते एकले कवा जेवत हुते? तुझ्या ताटाचा आवाज आल्याबिगर चुलीम्होरनं उठायचे न्हाईत. नवऱ्यावर रुसून तू दोनदा उपाशी ऱ्हायलीस, त्या दोन्ही दुपारी अप्पा बी उपाशी. म्या इचारलं, तर म्हणले, पलीकडची पोर अजून बसली न्हाय."

मी पदर सावरला आणि तशीच मागल्या दारी गेले. अप्पा भांडी पालथी घालत होते. मी म्हणाले, "अप्पा, माझं चुकलं. माझ्यासाठी तुम्ही बसत होता आणि मी..."

अप्पांनी मान वर केली नाही. हातातलं भांडं पुसत म्हणाले, "तुझ्यासाठी न्हवतो बसत, पोरी. आमची कारभारीण ईस वर्सं समद्यांचं झाल्यावर चुलीमागं एकलीच जेवली, तशीच देवाघरी गेली, अन् मला एकदा बी तिच्यासंगं बसायचं सुचलं न्हाय. आता उद्या ताट जरा आपटून ठिव, मला अलीकडं कमी ऐकू येतंय."