करंट चाखणारे नाना

गोविंदनाना वीज चाखतात. जुन्या विलायती मोटारीचं बॉनेट उघडायचं, बॅटरीच्या दोन तारा बाहेर ओढायच्या, एक तार ओल्या मुठीत धरायची, दुसरीचं टोक जिभेला लावायचं आणि डोळे मिटायचे. मग निकाल. "आंबट शे." म्हणजे जिभेवरची तार धन. "साबण लागस." म्हणजे ऋण. या जुन्या मोटारींची बॅटरी सहा व्होल्टची असते, तिनं माणूस मरत नाही हे खरं. पण म्हणून कोणी ती तोंडात घालतं का?

मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. मुलांना उघड्या तारेला हात लावू नका म्हणून घसा कोरडा केला. निवृत्त झालो आणि वडिलांची जुनी मोटार पुन्हा रस्त्यावर आणायची हौस सुचली, तर नशिबात इलेक्ट्रिशियन कोण, तर हा! माझा किती जळफळाट झाला असेल, तुम्हीच विचार करा.

पण करता काय? चाळीसगावापासून धुळ्यापर्यंत ज्याच्या ज्याच्या शेडमध्ये अशी म्हातारी मोटार आहे, तो नानांकडेच येतो. नव्या गाड्यांचे कारागीर या गाड्यांना हात लावायला कचरतात, आणि लावतात तेव्हा घोळ घालतात. कारण या विलायती गाड्यांचा कारभारच उलटा. इतर गाड्यांत बॅटरीची ऋण तार बॉडीला जोडतात, यांच्यात धन. माझ्या गाडीची बॅटरी जळगावच्या एका हुशार माणसानं सवयीनं सरळ, म्हणजे उलटी, जोडली होती. डायनॅमोतून बॅटरीकडे करंट सोडणारा-तोडणारा कटआऊट जळाला. नाना आले, तार चाखली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पोरांच्या पेपरकडे बघायचो.

त्यांच्या कामाची एक शिस्त आहे. ते बॉनेटखाली वाकले की आजूबाजूला कोणी बोलायचं नाही. बोललं की हात वर. "चूप बठा! करंट लाजस." करंट लाजतो, हे विज्ञान मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. एकदा मी माझा मीटर पुढे केला. चांगला, काट्याचा, शाळेनं निरोपाला दिलेला. नाना म्हणाले, "मास्तर, तुमनं मीटर इकत लयेल शे. मनी जीभ मनी मायनी देयेल शे." मग नेहमीचं पालुपद: "जीभ खोटं नई बोलस."

या जिभेपायी त्यांनी तिखट सोडलं होतं. आता खान्देशात तिखट सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. हिवाळ्यात शेतात भरताची पार्टी असते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजलेली, वर हिरव्या मिरचीचा मारा, माणसं नाक पुसत पुसत तिसऱ्यांदा वाढून घेतायत. आणि नाना एका बाजूला घरचा डबा उघडून फोडणीशिवायचं वरण आणि उकडलेला दुधी भाताबरोबर कालवतायत. लोक काय सोडतात होय! कोणी म्हणे, "नाना, बाळंतीण कोण शे घरमां?" नाना शांतपणे सांगत, "मिरची खाधी का करंटनी चव बिघडस." मीसुद्धा हसलो आहे. हसलो कसला, सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो.

घरी ते आणि सुमनअक्का, दोघंच. अक्कांना आम्ही फारसं पाहिलं नाही. तोंडाच्या दुखण्यावर धुळ्याला मोठे उपचार झाले होते, तेव्हापासून त्या बाहेर पडत नसत. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. दहाव्याला मी गेलो होतो. नाना पायरीवर बसून कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न दुरुस्त करत होते. मला ते बरं दिसलं नाही. मनात म्हटलं, विचित्रच माणूस आहे.

त्यानंतर दोन महिन्यांनी माझ्या गाडीचे दिवे मंद झाले आणि मी नानांना बोलावलं. खरं सांगायचं तर दिव्यांचं निमित्त होतं. माझ्यातला मास्तर काही मेला नव्हता. मला एकदा त्या जिभेची परीक्षा घ्यायची होती. नाना यायच्या आधी मी सीटखालच्या बॅटरीचा क्लॅम्प काढून ठेवला. आता तारांत करंटच नव्हता.

नाना आले. हात वर केला, मी चूप. तार मुठीत, तार जिभेवर, डोळे बंद.

"आंबट शे," ते म्हणाले. "बॅटरी जोरमां शे."

मला काय आनंद झाला! तो आनंद आठवला की आजही लाज वाटते. मी म्हणालो, "नाना, बॅटरीची तार मी काढून ठेवलीय."

नानांनी तारेचं टोक धोतराच्या सोग्यानं पुसलं, दोनदा पुसलं. मग गाडीच्या पायरीवर बसले आणि खिशातून एक छोटा बल्ब काढून माझ्यासमोर ठेवला. त्याला दोन वायरी लावलेल्या होत्या. गिऱ्हाइकाची पाठ वळली की या बल्बवर ते करंट बघून घेत होते. पण बल्ब नुसता पेटतो. धन कुठली, ऋण कुठली, ते त्याला सांगता येत नाही.

"दोन महिना व्हई ग्यात, मास्तर. काहीच लागत नई. ना आंबट, ना साबण. परवा घरमां हिरवी मिरची चावी पाही. अख्खी. काहीच नई."

"पण तुम्ही तर मिरची..."

"ते करंटकरता नई सोडेल व्हतं," नाना म्हणाले. "तिनाकरता सोडेल व्हतं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. उपचारानंतर अक्कांना तिखट, आंबट, खारट काही तोंडात धरवेना. आग व्हायची. सात वर्षं त्या बिनफोडणीचं जेवल्या, आणि नानांनी दुसरी भाजी घरात शिजू दिली नाही. एका पातेल्यातलं दोघांनी खाल्लं. लोकांना खरं सांगितलं असतं तर अक्कांची कीव केली असती, म्हणून जिभेचं कारण सांगितलं. आणि रोज संध्याकाळी नाना घरी आले की अक्का विचारायच्या, "आज करंट कसा लागना?" नाना सांगायचे. आज आंबट होता, चिंचेसारखा. आज नुसता चुरचुरला. अक्का ऐकत बसायच्या. त्यांच्या वाट्याला चव म्हणून तेवढीच उरली होती.

"आते इचारणारं कोणी नई," नाना म्हणाले. "मंग जिभनी भी काम सोडी दिन्हं." थोड्या वेळानं माझा हात धरून म्हणाले, "कोणले सांगू नका, मास्तर. लोके मनाकडे जिभकरता येतस. जीभ गयी हाई समजनं, का कोणी येवाव नई. मंग मी दिवसभर काय करू?"

मी शब्द दिला. देताना मला माझाच राग येत होता.

डिसेंबरात धुळ्याला जुन्या गाड्यांचा मेळावा भरला. माझी गाडी घेऊन मी चाळीसगावहून निघालो, शेजारी नाना. मैदानावर वीसेक गाड्या, भोवती ही गर्दी. दुपारी एका पारोळ्याच्या माणसाची गाडी सुरू होईना. त्यानं आदल्या दिवशी कुणाकडून तरी जुनी बॅटरी आणलेली, तिच्यावरच्या धन-ऋणाच्या खुणा पार झिजलेल्या. उलटी जोडली तर कटआऊट जाणार, आणि तसला कटआऊट आता शोधूनही मिळत नाही. एकानं मीटर आणायचं नाव काढलं, तर बाकीचे त्याच्यावरच धावून गेले. "नाना असताना मीटर? नाना, चाखा!"

बघता बघता शंभर माणसांचं कडं झालं. मोबाइल वर झाले. नाना तारा हातात घेऊन उभे होते, आणि ते माझ्याकडे बघत होते. ओरडा बंद करायला त्यांनी हात वर केला.

मी पुढे झालो. काय बोलायचं हे ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, "नाना, तीन महिने तुम्ही मला शिकवताय. आज माझी परीक्षा घ्या." आणि त्यांच्या हातातल्या तारा घेतल्या. बत्तीस वर्षांत एवढं धडधडीत खोटं मी बोललो नव्हतो. थुंकी लावून मूठ ओली केली, एक तार तीत धरली, दुसरी जिभेच्या टोकाला लावली. अरे बाप रे! डोळ्यांत पाणीच आलं. पण चव ओळखायला तार दुसऱ्यांदा लावावी लागली नाही.

"आंबट," मी म्हणालो.

नानांनी तारा माझ्याकडून घेतल्या. तशीच मूठ ओली केली, तशीच तार जिभेला लावली आणि डोळे मिटले. सगळे मोबाइल त्यांच्याकडे वळले. बराच वेळ त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"बराबर शे," ते म्हणाले. "मास्तर पास."

हशा झाला, टाळ्या पडल्या. नानांनी बॅटरी जोडली, पारोळ्याची गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. लोक नानांच्या पाया पडत होते आणि माझ्याकडे बघून म्हणत होते, मास्तर या वयात चांगले शिकले.

आम्ही परत निघालो. ऊन कलतीला आलं होतं, दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कपाशीची शेतं. तरवाडे गाव मागे पडल्यावर नानांनी घसा साफ केला. माझ्याकडे न बघता, काचेतून समोर बघत त्यांनी विचारलं,

"मास्तर, आज करंट कसा लागना?"

मी गाडीचा वेग कमी केला आणि सांगायला लागलो. आधी जिभेचं टोक चुरचुरलं, मग कैरीच्या पहिल्या फोडीसारखा आंबटपणा आला, मग दातांच्या मुळाशी गेला. नाना डोळे मिटून ऐकत होते. सांगून संपलं तेव्हा चाळीसगाव अजून लांब होतं, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.