आप्पांची चुकीची उत्तरं

बरोबर उत्तर ऐकलं की बोरसे आप्पांचा चेहरा पडायचा.

ते आमचे केंद्रप्रमुख. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी जिल्हा परिषदेच्या ज्या शाळा आहेत, त्यांतल्या काहींची देखरेख त्यांच्याकडे होती. माझी आंबेपाड्याची शाळाही त्यांत होती. एक खोली, चार वर्ग आणि एक मास्तर. तो मास्तर मी.

तपासणीला साहेब येणार म्हटलं की आम्ही मास्तर लोक आठवडाभर पोरांकडून उत्तरं घोकून घेतो. आप्पांपुढे ही सगळी मेहनत पाण्यात जायची. त्यांनी विचारलं, "महाराष्ट्राची राजधानी कोणती?" पुढच्या ओळीतला पोरगा ताडकन उठला आणि ओरडला, "मुंबई!" आप्पा कसनुसे झाले. "बस खाली," म्हणाले. "तू सांग रे, खिडकीपाशी बसलेला." खिडकीपाशी बसलेल्यानं डोकं खाजवलं. "धुळं."

"का रे बुवा?"

"बठ्ठा साहेब तठीनच येतस."

आप्पा खुर्चीतून उठलेच. "वाऽ! सगळे साहेब तिथूनच येतात! परत बोल. हळू बोल."

मी घामाघूम. पोरगा आपलं काय चुकलं म्हणून रडकुंडीला आलेला. आणि आप्पा त्याच्या पाठीवर थाप मारतायत, जणू त्यानं जिल्ह्यात पहिला नंबर काढलाय.

अशा चुका ते गोळा करत. लिहून घेत नसत. "लिहिली की चूक सुकते," असं त्यांचं म्हणणं. सगळ्या डोक्यात. पोराच्या नावासकट, गावासकट. बँक म्हणजे काय, या प्रश्नाला कुणी म्हणालेलं, "जठे बाप चपला काढीसन जास." अर्धं म्हणजे किती, यावर एका पोरीनं सांगितलेलं, "भाऊले दीसन उरस तितलं." हे सांगताना ते आधी खदखदून हसत आणि मग एकदम गप्प होत. "तायडे मास्तर," ते मला म्हणत, "बरोबर उत्तर पुस्तकातनं येतं. ते सगळ्यांचं सारखंच. चूक पोराच्या घरातनं येते. चूक ऐकली की मला त्याचं घर दिसतं."

आप्पांच्या स्वतःच्या घरात बघण्यासारखं काही नव्हतं. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. शिरपुरात दोन खोल्यांत एकटे राहत. रविवारी संध्याकाळी आमच्याकडे येत आणि चहा होईपर्यंत माझ्या आईला प्रश्न विचारत. आई चौथी नापास, म्हणून त्यांना मोठी आशा. पण आई खमकी. आयुष्यभर बाजारात भाजी विकलेली बाई, एकही हिशेब चुकायची नाही. शेवटी एकदा तीच म्हणाली, "आप्पा, तुमच्यासाठी मुद्दाम चुकू का एखादं?"

"नको अक्का," आप्पा खिन्नपणे म्हणाले. "मुद्दामची चूक पचत नाही."

हे सगळं असंच चाललं असतं, पण सरकारला परीक्षेची हुक्की आली. सबंध राज्यात जिल्हा परिषदेच्या चौथीच्या सगळ्या पोरांची एकाच दिवशी एकच परीक्षा. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. पोरांनी पेन्सिलीनं एक गोल काळा करायचा. उत्तरपत्रिका पुण्याला जाणार आणि तिथं त्या संगणक तपासणार. त्या गुणांवर सरकारी निवासी शाळेत प्रवेश: राहणं, जेवण, कपडे, दहावीपर्यंत सगळं फुकट.

धुळ्याला त्याची सभा झाली. वीज गेलेली, पंखे बंद, आणि व्यासपीठावर पुण्याचे साहेब विजेवर चालणाऱ्या यंत्राचे गुण गात होते. "यंत्राला जात नाही, गाव नाही, ओळख नाही, वशिला नाही." खोटं कशाला सांगू, हे ऐकून मीही हललो. हजेरीपटावरचं आडनाव वाचून मार्क देणारे गुरुजी मी भोगले होते. पण मग साहेबांनी नमुन्याचे प्रश्न वाचायला घेतले. "पत्र कोण आणतो? अ, पोस्टमन. ब, हत्ती. क, ढग. ड, टेबल."

मागच्या रांगेतून आप्पा उभे राहिले. "साहेब, हत्ती कुणीच लिहिणार नाही."

"मग?"

"चूक खरी पाहिजे साहेब. पोराच्या तोंडी येणारी पाहिजे. अशी चूक टेबलावर बसून सुचत नसते."

सभागृह हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी आप्पांना चहाला बोलावून घेतलं आणि पुढच्या महिन्यात आप्पा पुण्याला गेले. चुकीची उत्तरं पुरवायला राज्य सरकारनं नेमलेला माणूस! माझ्या आईनं त्यांना वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या.

परतले ते निराळेच होऊन. छाती फुगलेली, पण तोंडाला कुलूप. प्रश्न गुप्त ठेवायचे होते ना. त्यांना स्वतःचाच इतका धाक बसला की परीक्षा होईपर्यंत ते एकाही वर्गात शिरले नाहीत. दारातूनच तोंडावर रुमाल धरून विचारायचे, "पोरं बरी आहेत ना?" आणि मोपेड वळवून चालते व्हायचे. पोरांना वाटलं, आप्पांचे दात पडले.

मी या परीक्षेच्या विरोधात पत्रक काढलं. वडील चळवळीतले, त्यामुळे पत्रकं काढायची सवय मला घरातूनच लागलेली. घरच्या भाषेचं काय, डोंगरातल्या पोरांचं काय, ज्यांच्या घरी पुस्तकातली मराठी फक्त रेडिओ बोलतो त्यांचं काय, असं सगळं लिहून शेवटी ठळक अक्षरांत विचारलं, 'याला जबाबदार कोण?' आप्पांनी चष्मा लावून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

"प्रश्न झकास आहे मास्तर. खाली चार पर्याय दे. पर्याय नसलेला प्रश्न म्हणजे नुसती आरडाओरड."

मी त्यांच्याशी दोन रविवार बोललो नाही.

पण माझ्या शाळेतल्या जमनीसाठी आम्ही दोघंही त्याच परीक्षेकडे डोळे लावून बसलो होतो. जमनी चौथीतली. गणितात माझ्यापुढे आणि बोलण्यात गावापुढे. त्या पावसाळ्यात, पुण्याला जाण्याआधी, आप्पा तिच्याशी तासन्‌तास बोलत बसलेले मी पाहिलेत. तिच्याइतकी उमदी चूक तालुक्यात कुणी करत नाही, असं त्यांचं मत. तिचा बाप दरवर्षी दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जाई. आदल्या साली जमनी लहान म्हणून आजीजवळ राहिली होती. आता तिच्या हाताला कोयता पेलेल, असा बापाचा हिशेब.

आप्पा त्याच्या ओट्यावर जाऊन बसले. "यंदा हिला नेऊ नको. परीक्षा आहे."

बाप बिडी विझवत म्हणाला, "नंबर लागना तर ऱ्हाऊ दिसू आजीजोडे, जूनमा धाडसू शाळाले. नही लागना तर मी काय करू आप्पा? तिठे एक कोयता कमी पडस."

"लागेल नंबर," आप्पा म्हणाले. सरकारी माणसानं इतक्या ठामपणे काही सांगितलेलं त्या गावानं प्रथमच ऐकलं असेल.

परीक्षा गणपतीनंतर झाली. गोल काळे करताना पोरांच्या जिभा बाहेर आल्या. शेजारच्या पाड्यावरच्या एका पठ्ठ्यानं प्रत्येक प्रश्नाचे चारही गोल काळे केले. का, तर "कोनले वाईट वाटाले नको." ही बातमी कळल्यावर आप्पा कितीतरी दिवसांनी पोट धरधरून हसले.

दिवाळीच्या आधी निकाल लागला. जमनीची जागा एका गुणानं हुकली.

मी तिला शाळेच्या ओट्यावर बसवलं आणि आठवतील तेवढे प्रश्न विचारले. पोरीला अख्खा पेपर पाठ. एकेक उत्तर बरोबर येत गेलं. मग ती म्हणाली, "आपल्या गावात पत्र कोण आणून देतो, आसं व्हतं. मी कंडक्टर लिखं."

माझं डोकंच फिरलं. आंबेपाड्याला पोस्टमन येतच नाही. दुपारची एसटी फाट्यावर थांबते, कंडक्टर खिडकीतून टपाल काढून देतो आणि जो समोर दिसेल तो ते पाड्यावर नेतो. पोरीनं डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं होतं. मी तसंच शिरपूर गाठलं आणि आप्पांच्या दारातूनच सुरू झालो. "गावात पोस्टमन धाडायची सरकारला ऐपत नाही, आणि पोरीनं कंडक्टर लिहिलं तर चूक? कुठल्या गाढवानं घातला हो हा पर्याय?"

आप्पा चहा गाळत होते. त्यांनी भांडं खाली ठेवलं.

"मी."

मी उंबऱ्यावरच बसलो.

"तिनंच सांगितलं होतं मला, पावसाळ्यात," आप्पा म्हणाले. "मी विचारलं, पत्र कोण आणतं, आणि ती म्हणाली कंडक्टर. मला इतकं आवडलं रे ते. पुण्यात साहेबांना सांगितलं तर साहेब टेबलावर थाप मारून म्हणाले, असा पर्याय हवा. मी खूश झालो. जमनीचं उत्तर सबंध राज्यात छापून येणार म्हणून खूश झालो मी, तायडे."

चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी आप्पा पुण्याला गेले. ते परतले तोवर दिवाळी उलटली होती. तिथं काय झालं ते त्यांनी एवढंच सांगितलं, की साहेबांनी उठून हात मिळवला. डोंगरातल्या जवळजवळ सगळ्या शाळा त्या पर्यायावर अडखळल्या होत्या. साहेब म्हणाले, "बोरसे, सगळ्या पेपरात तुमचा पर्याय सर्वांत चांगला चालला." आप्पांनी विनवलं, त्या पोरीचा एक गुण द्या, उत्तर खरं आहे. साहेब हळहळले. म्हणाले, एकीला दिला तर सगळ्यांना द्यावा लागेल. आप्पा म्हणाले, द्या सगळ्यांना. तेव्हा साहेबांनी घड्याळ बघितलं.

मी म्हणालो, मोर्चा काढू. आप्पा म्हणाले, "काढ. मी पुढे चालतो. पण आधी आंबेपाड्याला जाऊन येऊ. ती माणसं उद्या निघतायत."

मोपेड नको म्हणाले, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं गेलो. फाट्यावर उतरताना कंडक्टरनं हाक मारली, "गुरुजी, पाड्यावरच चाललात ना? एवढं टपाल देऊन टाका." आप्पांनी ते दोन लिफाफे आणि एक कार्ड दोन्ही हातांत धरलं. कुणाच्या अस्थी हातात द्याव्या तसा त्यांचा चेहरा झाला.

जमनीच्या दारात बोचकी बांधून ठेवली होती. पातेली, गोधड्या आणि फडक्यात गुंडाळलेले कोयते. बाप मुकादमाच्या ट्रकची वाट बघत होता. त्यानं आम्हाला राम राम केला, खाट टाकली, रागावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

आप्पांनी टपाल ओट्यावर ठेवलं आणि जमनीला जवळ बोलावलं. "जमने, तुझं उत्तर बरोबर होतं."

ती बुचकळ्यात पडली. "मंग गोल चुकना का मना?"

"नाही. गोलही बरोबर होता."

"मंग मी जाऊ का तठे, शाळाले?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. पोरीच्या लक्षात आलं असावं, कारण तिनंच आप्पांची समजूत घातली. "ऱ्हाऊ द्या आप्पा. पुढला वरीसले मी पोस्टमन लिखसू."

ही परीक्षा चौथीत एकदाच असते. पुढच्या वर्षी तिच्यासाठी कसलाही पेपर नव्हता, गोलही नव्हते. हे आप्पांना माहीत होतं.

"हां," आप्पा म्हणाले. "तसंच लिही."

जमनी जरा वेळ घुटमळली. मग तिनं विचारलं, "आप्पा, पोस्टमन कसा दिखस?"

इतकी वर्षं हा माणूस पोरांना विचारत आला होता. सांगताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. ते खाटेवरून उतरले, धोतर सावरून तिच्यापुढे उकिडवे बसले. म्हणाले, त्याचे कपडे खाकी असतात. सायकल असते, सायकलला घंटी असते. खांद्यावर पिशवी असते आणि पिशवीत सबंध गावाची पत्रं. तो प्रत्येक दारात थांबतो. नाव घेऊन हाक मारतो.

"मनं नाव घी का?"

"घेईल ना. जमनीबाई, पत्र, असं म्हणेल."

ती खुदकन हसली. ट्रकचा आवाज फाट्याकडून येऊ लागला. बाप उठला, त्यानं बोचकी उचलली. आप्पा मात्र तिथेच बसून घाईघाईनं सांगत राहिले, की उन्हात तो डोक्याला रुमाल बांधतो, आणि दमला की लोक त्याला पाणी देतात.