बारा मिनिटांचं तूप

ईटच्या मथुराबाईंना लग्नाच्या त्या बैठकीतून एकच गोष्ट पदरात पाडून घ्यायची होती: धाकट्या लेकीचं, अर्पिताचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष. डीजे वाजो न वाजो, वऱ्हाड पाचशे येवो की हजार, त्यात त्यांचं काही अडत नव्हतं. मुलगा चांगला होता आणि अर्पिताच्या पसंतीचा होता. फक्त मुलाचे वडील, लोहाऱ्याचे व्यंकटराव, वैशाखातल्या मुहूर्तावर अडून बसले होते, आणि परीक्षा होती श्रावणात. "सासरी येऊन दील की परीक्षा," असं ते फोनवर म्हणाले होते. थोरल्या आरोहीचे सासरेही असंच म्हणाले होते. तिची बी.ए.ची पुस्तकं अजून माळ्यावर आहेत.

ही झाली मिळकतीची बाजू. जोखमीच्या बाजूला एकच नाव होतं: कोंडीराम.

कोंडीराम म्हणजे मथुराबाईंचे यजमान. अंगानं दांडगे, आणि मिशा अशा की समोरून येणाऱ्या बैलानं वाट सोडावी. पण समोरच्याला 'न्हाय' म्हणायची वेळ आली की त्या मिशांखालून आवाजच फुटायचा नाही. लग्नात कुणी काय करायचं ते कागदावर मांडतात त्याला यादी म्हणतात. आरोहीच्या यादीला कोंडीराम अकरा वेळा 'व्हय' म्हणाले होते. बारावं कलम पाहुण्यांना सुचलं नाही, म्हणून बारावं 'व्हय' वाचलं.

"औंदा बघशील," ते सकाळी मिशीला कात्री लावता लावता म्हणाले. "पाहुण्याला असा दाबतो, की लोहाऱ्यापस्तोर हात चोळत जाईल."

"आन् पोटाचं काय?"

"पोट गप हाय."

पोट गप नव्हतं. अडीच महिन्यांपूर्वी धाराशिवला त्यांची पित्ताची पिशवी काढली होती. आत सत्तावीस खडे निघाले. आता खडे गेले म्हणजे खायला मोकळीक, असा सोयीस्कर अर्थ काढून ते घरी आले, आणि तिसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी वास्तुशांतीत पुरणपोळीवर तुपाची धार धरली. त्यानंतर ते जेवणाच्या पंगतीत कमी आणि परसातल्या संडासात जास्त, असं दिसू लागलं.

मग अर्पितानं त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलं. "आबा, विहीर शाबूत हाय, हौद तेवढा काढलाय. आता पित्त साठत न्हाय, ठिबकसारखं थेंब थेंब वाहतंय. तेलतूप एकदम आलं की आतडं गांगरतं. थोडं थोडं खा, काही महिन्यांत बसंल घडी." आणि आईला सांगितलं, की काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि पुढं काय झालं, ते लिहून ठेव.

सांगितलेलं काम अर्धवट सोडणं मथुराबाईंच्या रक्तात नव्हतं. कॅलेंडरच्या पाठीमागं बारीक अक्षरात नोंदी पडू लागल्या. ताकभात: काही नाही. भजी: पंचवीस मिनिटं. पेढा: पंधरा. तूप: बारा, आणि तेही पळत. एस.टी.चं वेळापत्रक चुकेल, पण हे वेळापत्रक चुकत नव्हतं.

बैठकीच्या दिवशी त्यांनी नवऱ्याला सकाळीच ताकभात घातला आणि निश्चिंत झाल्या. व्यंकटराव किती तयारीचे आहेत, ते मात्र कॅलेंडरवर लिहिलेलं नव्हतं.

व्यंकटराव दोन किलो पेढे घेऊन उतरले. वाटेत भूमलाच घेतले होते. ज्या मुलखात घरोघर खवा आटतो तिथल्या माणसाला तिथलाच पेढा भरवायचा, म्हणजे धाडसच. पण त्यांचं शास्त्र पक्कं होतं. दोन लेकांच्या याद्या त्यांनी याच शास्त्रावर मारल्या होत्या: आधी व्याह्याच्या तोंडात आपल्या हातानं पेढा, मग पाव तास सोयरेधायऱ्यांच्या गोडगोड गप्पा, आणि मग मागणी. आपल्या हातून गोड खाल्लेला माणूस लगेच तोंड वाकडं करत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

सतरंजीवर दोन्ही व्याही बसले, शेजारी नवरा मुलगा आणि व्यंकटरावांचे मेहुणे. लिहायला शिवानंद गुरुजी होते, गावातले निवृत्त शिक्षक. व्यंकटरावांनी एकापाठोपाठ एक तीन पेढे कोंडीरामांच्या तोंडात सारले. 'न्हाय' म्हणायचं ते इथंही जमलं नाही. गप्पा झाल्या. पाव तास भरला.

"तर पहिलं कलम," व्यंकटराव म्हणाले. "डीजे तुमच्याकडून. चांगला मोठा, लोहाऱ्यात काचा हादरल्या पायजेत."

लोहाऱ्याच्या काचांचं माहीत नाही, पण कोंडीराम हादरले. त्यांच्या पोटात ट्रॅक्टर सुरू झाल्यासारखा आवाज आला. ते उठले, आणि एक शब्द न बोलता मागच्या दारानं निघून गेले.

गुरुजींचं पेन हवेत.

"काय झालं?" व्यंकटरावांनी विचारलं.

मथुराबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. 'पोट बरं न्हाय' हे खरं उत्तर ओठावर आलं होतं. पण त्या क्षणभर थांबल्या. खरं सांगून पदरात काय पडणार? व्यंकटरावांची कीव, आणि वर डीजे.

"त्यांचं असंच हाय, दादा," त्या पदर सावरत म्हणाल्या. "पटलं न्हाय की बोलत न्हाईत. उठून जातात."

दहा मिनिटांनी कोंडीराम परत आले. कपाळावर घाम, दात आवळलेले, डोळे लाल. हे सगळं मिशांच्या पाठीमागून असं काही दिसलं, की व्यंकटरावांनी सतरंजीवर दोन बोटं मागं सरकून घेतलं. "गुरुजी, डीजे आमच्याकडं लिवा," ते म्हणाले. "आमचीच हौस हाय."

कोंडीरामांना काही कळलं नाही. कळलेलं नाही हेही त्यांनी चेहऱ्यावर दाखवलं नाही, कारण चेहरा दुसऱ्या कामात गुंतला होता.

पुन्हा पेढे, पुन्हा पाव तास, दुसरं कलम. वऱ्हाड हजार माणसांचं आणि त्यांना दोन वेळचं जेवण. 'हजार' शब्दावर कोंडीराम पुन्हा उठले. ते परत येईपर्यंत, कुणी न विचारताच, व्यंकटराव हजारावरून सातशेवर, सातशेवरून तीनशेवर आणि दोन वेळांवरून एका वेळेवर आले होते. "लई कडक माणूस," ते गुरुजींच्या कानात म्हणाले. "तीस वर्षं याद्या करतोय म्या. असा गडी बघितला न्हाय."

आणि त्यांनी पेढ्यांचा डबा मिटला. हे शास्त्र इथं चालत नाही, एवढं कळण्याइतके ते शहाणे होते.

इथंच मथुराबाईंची पंचाईत झाली. तिसरं कलम तारखेचं होतं. कोंडीराम आता मोकळे होऊन बसले होते, चेहरा निवळला होता, आणि निवळलेल्या चेहऱ्यावर तो जुना, ओळखीचा, आरोहीच्या यादीतला भाव परत उगवत होता. पाहुण्यांनी आपल्यासाठी एवढं सोडलं म्हणून त्यांना भरून आलं होतं.

"तारखेचं काय, तुमी म्हणाल तसं..." ते सुरू झालेच.

"आधी शिरा खावा, मग तारीख," मथुराबाई मध्येच वाट्यांचं ताट घेऊन आल्या.

सगळ्यांना शिरा दिला. कोंडीरामांच्या वाटीत शिरा शोधावा लागत होता, एवढं वर तूप तरंगत होतं. दारात उभ्या अर्पितानं ते बघितलं आणि "आई, अगं!" म्हणून दबक्या आवाजात पुढं झाली.

कोंडीरामांनी वाटीकडं बघितलं. मग बायकोकडं. मग दाराशी उभ्या लेकीकडं. पंचवीस वर्षांच्या संसारात माणूस कॅलेंडर न वाचताही बऱ्याच नोंदी वाचायला शिकतो. त्यांनी चमचा बाजूला ठेवला, वाटी उचलून तोंडाला लावली आणि रिकामी करून पुढं धरली.

"अजून थोडं वाढ," ते म्हणाले.

मथुराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण रडायला वेळ नव्हता. बारा मिनिटं काढायची होती. "दादा, तुमच्या बोअरला म्हणं साडेपाचशे फुटावर पाणी लागलं?" त्यांनी विचारलं.

बोअर म्हणजे व्यंकटरावांचा जीव की प्राण. पाणी दाखवणारा आला, त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, बोअरची गाडी अडकली, दगड लागला, चारशेवर बायको रडली, पाचशेवर ते स्वतः रडले. मथुराबाई 'अगं बाई' म्हणत होत्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होत्या.

"...आन् असं पाणी उडालं!" व्यंकटराव संपले. अकरा मिनिटं. "तर तारीख. वैशाख शुद्ध पंचमी. बोला व्याही."

कोंडीरामांचं तोंड सवयीनं उघडलं. 'व्ह'पर्यंत आलंही. मग त्यांचे डोळे विस्फारले आणि ते मागच्या दाराकडं झेपावले. पण संडासाला आतून कडी होती. व्यंकटरावांचे मेहुणे मोबाईल घेऊन आत बसले होते.

पुढं जे झालं ते ईटमध्ये अजून सांगतात. कोंडीराम वळले, बैठकीतून, पाहुण्यांच्या मधून, समोरच्या दारानं बाहेर पडले, खुंटीवरची किल्ली ओढून मोटारसायकलला किक मारली आणि मळ्याच्या दिशेनं निघाले. यजमान स्वतःचं घर सोडून चालला! व्यंकटराव धोतर सावरत मागं धावले.

"व्याही! परीक्षेनंतर धरू तारीख!"

गाडी कोपऱ्यावर गेली.

"निकाल लागल्यावर धरू!"

गाडी पिंपळाखालून गेली. मागं न बघता कोंडीरामांनी एक हात हलवला. मागं येऊ नका, एवढाच त्याचा अर्थ.

"पोरीला नोकरी लागल्यावर! मग तर झालं?"

गुरुजी व्यंकटरावांच्या मागून धावत धावत लिहीत होते. त्यामुळं त्या कलमाचं अक्षर तेवढं वाकडं आहे.

अर्ध्या तासानं कोंडीराम आले, कागद वाचला आणि चकित होऊन म्हणाले, "ही नोकरीची अट कुणी घातली?"

"तुमीच की," व्यंकटरावांनी हात जोडले. नवरा मुलगा इतका वेळ मान खाली घालून बसला होता, तो पहिल्यांदा हसला.

त्या दिवसापासून पंचक्रोशीत कुणाचीही यादी असो, कोंडीरामांना बोलावणं असतं. ते काही बोलत नाहीत, नुसते बसतात, आणि समोरचा पक्ष घाम पुसतो. आता शेवटचा हिशेब मांडायचा, तर डीजे व्यंकटरावांच्या माथी गेला. अर्पिताला पुरं वर्ष मिळालं. मथुराबाईंचं पाव किलो तूप खर्ची पडलं. बाकी सगळी रक्कम एकट्या कोंडीरामांनी भरली, त्या दिवशी दिवस मावळेपर्यंत, सात हप्त्यांत.