‘पण’ला तार नाही

भाऊ कर्णिकांना कुठलाही प्रश्न विचारायचा तर तो ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात उत्तर देता येईल असाच विचारावा लागे. “भाऊ, कसे आहात?” असं कुणी विचारलं की ते नुसते बघत राहत. “बरे आहात का?” म्हटलं की लगेच “हो.” आणि समोरचा माणूस उत्तर देताना “हो, पण...” म्हणाला, की भाऊ हात वर करून त्याला थांबवत. “‘पण’ला तार नाही.”

चेंदणीहून येणाऱ्या कोळणीशी त्यांचं यावरून दर बुधवारी वाजे.

“पापलेट ताजं आहे?”

“ताजा हाय, पन बरफातला...”

“‘पण’ला तार नाही. ताजं, हो की नाही?”

“मंग त्या तारंलाच गळ लाव नि मासं पकड!” असं म्हणून ती पाटी उचले. भाऊ त्या दिवशी पिठलं खात.

ही गोष्ट ठाण्याची, पंचावन्न-छप्पन सालची. नौपाड्यातल्या आमच्या चाळीत भाऊंची खोली आमच्या शेजारची. ते टेलिफोनच्या वर्कशॉपात फिटर होते. तिथून मोडीत निघालेले रिले ते वजनावर विकत आणत आणि घरी दुरुस्त करत. रिले म्हणजे विजेवर चालणारी खिटी. वीज आली की पट्टी खट्‌कन चिकटते, गेली की सुटते. “चिकटली म्हणजे हो, सुटली म्हणजे नाही. सगळं शहाणपण एवढ्यात बसतं,” भाऊ म्हणत. अशा शेसव्वाशे खिट्या एका जुन्या दाराच्या फळीवर ठोकून त्यांनी बेरीज करणारं यंत्र केलं होतं. खाली आठ बटणं, वर आठ दिवे. दोन आणि तीन घातले की सगळ्या फळीवर पावसाळी कौलांसारखा खडखडाट होई आणि दिव्यांत पाच उमटत. दिव्यांतले पाच वाचायलाही भाऊच लागत.

“यापेक्षा बोटं बरी,” माझी आई म्हणाली होती.

“वहिनी, बोटांनी केलेली बेरीज उद्या बोटांत राहते का?”

“नाही.”

“यात राहते,” भाऊ म्हणाले. आठ खिट्या त्यांनी अशा जोडल्या होत्या की एकदा बटण दाबलं की खिटी आपल्याच विजेनं आपल्याला धरून बसे. बॅटरी आहे तोवर सोडत नसे. ही यंत्राची आठवण. वरचे दिवे म्हणजे आठवण नव्हे, यावर मात्र त्यांचा कटाक्ष होता. “दिवा हा नुसता बातमीदार. बातमीदार मेला म्हणून बातमी मरत नाही.”

त्यांच्या मते जगात दोनच वस्तू होत्या, लोखंड आणि आज्ञा. लोखंड कधी चुकत नाही, चुकते ती आज्ञा. एकदा आई गावाला गेली असताना त्यांनी माझ्या बहिणीला, कुसुमला, चहाची आज्ञा लिहून दिली. पायरी तीन: आधणाकडे बघ. पायरी चार: उकळी आली का? नसल्यास पायरी तीनकडे परत जा. मी कामावरून आलो तेव्हा कुसुम हातात कागद धरून स्टोपाशी उभी. स्टोमधलं रॉकेल केव्हाच संपलेलं. “अरे दादा, अर्धा तास झाला, मी तीन नि चारमध्येच आहे!” ती रडकुंडीला आली होती. भाऊंनी कागद घेतला, गंभीरपणे वाचला आणि म्हणाले, “मुलीचा दोष नाही. स्टोचाही नाही. आज्ञेत बाहेर पडायची वाट नाही.”

सगळी चाळ हसली. मीही हसलो. भाऊंवर हसणं सोपं होतं.

एका गोष्टीला मात्र ते कुणाला हात लावू देत नसत. ती म्हणजे बॅटरी. मोटारीची जडच्या जड बॅटरी. तशा दोन होत्या. दर रविवारी आग्रा रोडवरच्या गॅरेजातून भरलेली आणायची, आधी ती जोडायची, मगच उतरलेली सोडवायची. मध्ये क्षणाचाही खंड नको. आठांपैकी चार दिवे त्यांच्याकडे कायम लागलेले असत. बेरजेचा खेळ त्यांनी बंद केला त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. एवढा आटापिटा कशासाठी, हे त्यांना ‘हो-नाही’त कसं विचारायचं ते मला सुचलं नाही, म्हणून विचारलं नाही.

त्या वर्षी भाऊ कामासाठी दोन दिवस पुण्याला गेले आणि किल्ली माझ्याकडे देऊन गेले. सोबत कागद. पायरी एक: दार उघड. पायरी दोन: दिवे लागलेले आहेत का? असल्यास दार लाव. नसल्यास तार कर.

नेमकं त्या संध्याकाळी आमच्या मंडळाचं नाटक होतं. कर्णा भाड्यानं आणलेला, त्याची बॅटरी आयत्या वेळी बसली. मला सगळ्यांसमोर मिरवायचं होतं. “आणतो मी,” म्हटलं आणि भाऊंची बॅटरी काढली. तीन तासांचा तर प्रश्न. काढण्याआधी कागदावर लिहून घेतलं: पहिला, तिसरा, चौथा आणि आठवा दिवा. रात्री परत आणून जोडली, तीच चार बटणं दाबली, चार दिवे लागले. दार लावलं. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो. जेवताना आईला सांगितलंसुद्धा.

आईचा हात ताटावरच थांबला. मग तिनं मला जे सांगितलं ते चाळीतल्या बायकांना माहीत होतं, पुरुषांना नव्हतं.

सुमतीवहिनी, भाऊंची बायको, बाळंतपणाला इस्पितळात गेली त्या सकाळी ट्रंक उचलायला माझी आई तिथे होती. वहिनी यंत्रापुढे थांबली. “हे किती दिवस लक्षात ठेवतं हो?”

“बॅटरी आहे तोवर.”

वहिनीनं मनानंच काही बटणं दाबली. “मग एवढं धरून ठेव म्हणावं. काय ते मी परत आले की सांगेन.”

ती आली नाही. मूलही आलं नाही.

“त्या खिट्या तिच्या हातानं चिकटलेल्या होत्या रे,” आई म्हणाली. “आता तुझ्या हातानं.”

भाऊ पुण्याहून आले. दिव्यांकडे बघून मला विचारलं, “सगळं ठीक?”

मी म्हणालो, “हो.”

पुढल्या रविवारी बॅटरी उचलायला मी आपणहून गेलो. तिला दोर बांधून दोघांनी दोन टोकं धरायची. त्यानंतर चार वर्षं एक रविवार चुकवला नाही. पुढेपुढे बॅटरी झाली की भाऊ चहा करत, आज्ञेबरहुकूम, आणि मी त्यांचं लोखंडपुराण ऐकत बसे. शरदसारखा मुलगा शोधून सापडणार नाही, असं चाळीतले लोक म्हणत. मी ते ऐकून घेत असे. आई एकटीच गप्प राहायची, आणि तिचं गप्प राहणं मला समजायचं.

मग माझी नाशिकला बदली झाली. शेवटच्या रविवारी धीर केला.

“भाऊ, तुम्ही पुण्याला गेलात तेव्हा बॅटरी मी काढली होती.”

“हो,” भाऊ म्हणाले.

त्यांना नीट ऐकू आलं नाही असं मला वाटलं. मी पुन्हा सांगितलं.

“हो, हो. माहीत आहे.” त्यांनी पाचव्या दिव्यावर बोट ठेवलं. “हा तेव्हा उडालेला होता. खालची खिटी चिकटलेली होती. पुण्याहून येताना मी नवा दिवा आणला, बसवला. लागला नाही.”

वहिनीनं पाच बटणं दाबली होती. मी बातमीदार मोजले होते.

“तेव्हापासून माहीत आहे?”

“हो.”

“मग पाचवं बटण तुम्ही परत दाबलं नाहीत?”

“नाही. हात माझा झाला असता.”

“पण भाऊ, सगळं पुसलं गेलं हे ठाऊक असून चार वर्षं ही बॅटरी वाहिलीत? मला वाहू दिलीत?”

माझ्या ‘पण’ला त्यांनी हात वर केला नाही.

“धरून ठेवण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं, शरद. पण रविवारी तू...”

इतक्या वर्षांत भाऊंनी स्वतःच्या बोलण्यात तो शब्द वापरलेला मी कधी ऐकला नव्हता. वाक्य पुरं होईल म्हणून मी वाट बघितली.

“रविवारी मी काय, भाऊ?”

“‘पण’ला तार नाही,” ते म्हणाले आणि खाली वाकून बॅटरीच्या दोराचं आपल्याकडचं टोक उचललं. “चल. गॅरेज बंद होईल.”

दुसरं टोक मी उचललं.