शेंदूरजनाघाटच्या संचालन प्रणालीच्या आवृत्त्या

सोय ही माणसाच्या भल्यासाठीच असते. फक्त माणसाने तिच्या आड येऊ नये. शेंदूरजनाघाटच्या संत्रा बागायतदारांच्या संघाने १९५८ साली बागाबागांत तारा ओढून कचेरीत टेलिफोनचा बोर्ड बसवला आणि तो चालवण्याची प्रणाली मुंबईच्या एका कंपनीकडून विकत घेतली, ती याच थोर विचाराने.

पहिल्या आवृत्तीत एका वेळी एकालाच बोलता येई. (ऐकायला कोणी नसे.) दुसऱ्या आवृत्तीत दोघांना बोलता येई, मात्र एकमेकांशी नाही. ही प्रगती पाहायला अमरावतीहून पाहुणे आले आणि चहा पिऊन थक्क झाले. तिसऱ्या आवृत्तीत सुरक्षितता आली : आधी परवलीचा शब्द, मग बोलणे.

बोर्डावर सत्यवती बसे. संघाचे अध्यक्ष महादेवराव हे तिचे सासरे.

एका दुपारी आभाळ काळे झाले. महादेवरावांच्या बागेत तोडलेली संत्री ढिगाने पडली होती आणि संघाचा ट्रक कचेरीसमोर रिकामा उभा होता. त्यांनी बागेतल्या झोपडीतून फोन लावला.

"सत्यवती, ट्रक धाड लौकर!"

"परवलीचा शब्द सांगा, मामाजी."

"इसरलो ना! अवं, मी तुहा सासरा बोलून राह्यलो!"

"ते मले ठाऊक हाये. प्रणालीले नाई."

महादेवराव धापा टाकत कचेरीत आले. सत्यवतीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अत्यंत आदराने सांगितले, की समोर उभ्या असलेल्या माणसाची दखल घेण्याची सोय नाही; फोन करावा. ट्रकवाला डोमाजी म्हणाला, "मले बोर्डाचा हुकूम पायजे, भाऊ," आणि त्याने काच वर केली. नियम महादेवरावांनीच मंजूर केला होता, त्यामुळे धड भांडताही येईना.

ते परत बागेत पोचेपर्यंत गारपीट होऊन गेली होती. रसात घोट्यापर्यंत उभे असताना त्यांना एकदम आठवले. "संत्रं!" ते फोनमध्ये ओरडले.

शब्द बरोबर निघाला. ट्रक आला. (प्रणाली शब्दाला जागली.) नेण्याजोगे काही उरले नव्हते, म्हणून डोमाजीने महादेवरावांनाच घरी नेले.

सत्यवतीने त्यांच्या पायांसाठी ऊन पाणी आणून ठेवले.

"एक डाव नुसतं हो म्हनली असती, तं काय झालं असतं वं पोरी?"

"तुमीच तं म्हनलं होतं मामाजी, घरच्यायले सूट देजो नोको," ती म्हणाली, आणि पदर तोंडाशी नेऊन रडू लागली.

मग कंपनीचे प्रतिनिधी केशवराव पाहणीला आले. चौथ्या आवृत्तीत त्यांनी कचेरीच्या भिंतीला एक चौकोनी भोक पाडून दिले. त्यातून माणसाला माणसाशी थेट बोलता येई. नाव ठेवले 'खिडकी'. (तिथे पूर्वी खिडकीच होती, बोर्ड बसवताना ती बुजवली होती.) संघाने तीही विकत घेतली. पहिली टाळी महादेवरावांची.

वाचकहो, आपण इथवर आलात, म्हणजे आमच्या सर्व अटी आपल्याला मान्य आहेत असे धरले आहे. कोणत्या, ते बागायतदारांनीही विचारले नव्हते.