अण्णांच्या वहीतले घाट

माझ्या मोटारीची क्लच प्लेट कधीही खराब झालेली नव्हती, हे मी आधीच लिहून टाकतो. चार वर्षे ही गोष्ट मी मनात दडवून ठेवली. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात उभे आयुष्य काढलेल्या माणसाला खोटे बोलण्याचा सराव नसतो. त्यामुळे एकदा बोललेले खोटे नीट मागे कसे घ्यावे, हेही त्याला उमगत नाही. ज्यांच्याशी मी खोटे बोललो ते माझे शेजारी, गुरुपादअण्णा.

अण्णा डोंगरांना वेळ देतात. म्हणजे डॉक्टर रुग्णांना देतात तशी. सोलापुरात नवी पेठेत पहिल्या मजल्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. गेली चाळीसेक वर्षे त्यांनी तेथे पासपोर्ट आकाराची माणसे टिपली. गिऱ्हाइकांची जुनी वही अर्धी कोरी राहिली होती. तिच्यातच अण्णांनी आपल्या सहलीची योजना लिहायला घेतली. रकाने पूर्वीचेच ठेवले: नाव, वेळ, साइज, प्रती, शेरा. पहिल्या पानावरची नोंद मला आजही पाठ आहे. नाव: पाचगणीचे पठार. वेळ: सकाळी सात वाजून दहा मिनिटे. साइज: मोठी. प्रती: दोन. शेरा: बसून. खाली एका वडाच्या झाडापुढे शेरा होता, 'उभे'. कृष्णेपुढे लिहिले होते, 'हलते, दोन वेळा घेणे'.

"माणसाचं कसं असतंय सर," ते सांगत, "आपण बटण दाबलं की नेमका त्याच टायमाला डोळा मिटतो. डोंगराला ती खोड न्हाय. डोंगर म्हणजे लई शाणं गिऱ्हाईक."

हा माणूस बोलताना कधी 'बहुधा' म्हणत नाही. अण्णांनी सोलापूरच्या पश्चिमेला पंढरपूर ओलांडलेले नाही. तरी वाईत चहा कोठे घ्यावा, पसरणी घाटातल्या कोणत्या वळणावर मोटार डाव्या अंगाला लावावी आणि महाबळेश्वराला धुके किती वाजता उठते, हे ते गावच्या पाटलाच्या ठामपणाने सांगतात. मी एकदा नम्रपणे विचारले, "अण्णा, धुके त्या वेळी उठले नाही तर?"

"उठतंय," अण्णा म्हणाले. "नोडरी सर, बघा की, त्याला दुसरं काम काय हाय?"

योजना मोठी होती. सोलापुरातून निघून माणदेशाचे माळ टिपत साताऱ्याला जायचे, वाईहून पसरणी घाट चढायचा, महाबळेश्वराहून आंबेनळी घाटाने कोकणात उतरायचे आणि वरंध घाटाने पुन्हा देशावर यायचे. पाच दिवस, तीन घाट. मोटार माझी, चालक मी. माझी निवड का झाली, असे मी तेव्हा विचारले नाही. माझ्याजवळ मोटार होती आणि रविवार रिकामा होता, एवढे कारण मला पुरेसे वाटले.

आधी तालमी झाल्या. अण्णांचे एक ब्रीद आहे: "आदी बघून ठेवायचं, मग बघायचं." त्यानुसार दर रविवारी आम्ही वळसंगच्या किंवा मंद्रूपच्या रस्त्याला लागत असू. सपाट रानाची तालीम सोपी होती. आमच्याकडे रान सपाटच आहे. डोंगर मात्र आणायचा कोठून? तो अण्णांनी वळसंगच्या अलीकडे शोधला. रस्त्याच्या कामासाठी आणून टाकलेला मुरमाचा ढीग होता, माझ्या दीडपट उंचीचा. त्यांनी मला त्याच्या टोकावर चढवले, स्वतः ज्वारीच्या धाटांत तिवई रोवली आणि काळ्या कापडाखाली डोके घातले. कॅमेरा डिजिटल आहे, त्याला कापड लागत नाही. पण कापडाशिवाय अण्णांना दिसत नाही.

"सर, हलू नका. तुमी आता सुळका हाय."

मी सुळका झालो. वाटेने जाणाऱ्या एका शेतकऱ्याने बैलगाडी थांबवली. "काय मोजणी चाललीय व्हय?" त्याने विचारले.

"न्हाय," कापडाखालून उत्तर आले. "महाबळेश्वर चाललंय."

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि बैलांना हाकले.

गंगूअक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, मोटारीच्या मागच्या आसनावर कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या असत. त्या मला म्हणाल्या, "ह्यास्नी खऱ्या डोंगराकडं न्हेऊ नका सर. डोंगरालाबी म्हणतील, जरा केस विंचरून या."

आता माझा दोष. सोलापूर हे ताटासारखे सपाट शहर आहे. तेथे मी अठरा वर्षे मोटार चालवली आणि स्वतःला उत्तम चालक समजलो. एकदा उड्डाणपुलाच्या चढावर वाहने खोळंबली. पुन्हा निघताना माझी मोटार वीतभर मागे घसरली आणि एका रिक्षाच्या नाकाला टेकली. रिक्षावाला उतरला, नाक तपासले आणि शांतपणे म्हणाला, "काका, पुढं जायाला शिका की आदी." नुकसान काहीच झाले नव्हते. पण त्या दिवसापासून चढ दिसला की मी मोटार दुसऱ्या रस्त्याला वळवतो. हे मी कोणालाही सांगितले नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाने 'मला चढाची भीती वाटते' असे म्हणावे, हे मला शोभेना.

निघायच्या आदल्या दिवशी मी अण्णांना म्हणालो, "क्लच प्लेट गेली."

ते रागावतील, अशी माझी अपेक्षा होती. खरे तर तशी आशा होती. अण्णा अर्ध्या तासात चपला घालून आले. "चला. आजारी माणसाला एकटं दवाखान्यात पाठवत न्हाईत." ते माझ्यासोबत होटगी रस्त्यावरच्या रफिकभाईंच्या गॅरेजात आले. रफिकभाईंनी मोटार उघडली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, पलेट में तो कुच बी नै हुआ. अबी दोन साल आराम से चलती."

अण्णा दहा पावलांवर बाकावर बसून माझ्याकडे काळजीने पाहत होते.

"तरी बदला," मी म्हणालो.

अशा रीतीने निरोगी मोटारीची शस्त्रक्रिया मी उघड्या डोळ्यांनी करून घेतली. नवी प्लेट बसली, म्हणजे पुढच्या वर्षी सबब उरली नाही, असे मला वाटले. पण अण्णांनी ती स्वतःच पुरवली. "गाडीला एकदा धक्का बसला की ती भेतीच सर. माणसासारखंच असतंय." त्यांचा हा सिद्धांत किती अचूक होता आणि नेम किती चुकला होता, हे मला एकट्यालाच माहीत होते.

पुढे दर वर्षी नवी योजना आणि ती वाचायच्या आधीच माझी नवी सबब. इंजिन तापते. ब्रेक हलके लागतात. माझ्या मोटारीला जितकी दुखणी झाली, तितकी आमच्या गल्लीतल्या कोणत्याही वृद्धाला झालेली नाहीत. अण्णा प्रत्येक वेळी मान डोलावत आणि "बरं, बघू की" म्हणत. आमचे रविवार मात्र चालूच राहिले. सपाट रस्त्यावर माझी मोटार ठणठणीत असे. त्याचेही अण्णांना कधी नवल वाटले नाही.

गेल्या महिन्यात त्यांनी स्टुडिओ बंद करायचे ठरवले. मुलगा बंगळूरला असतो. दोघांनी कायमचे तिकडे जायचे, असे घरात ठरले. एका दुपारी त्यांनी मला स्टुडिओत बोलावले. उघडी वही समोर होती.

"जायच्या आदी एक सहल करू सर. शेवटची. बघा, जमतंय का."

मी वाचले. नाव: मंद्रूपचे माळ. नाव: भीमेचा काठ. नाव: परतीच्या वाटेवरची बाभूळ, शेरा उभे. एका दिवसात संपणारी, आम्ही शंभरदा पाहिलेली वाट. मी मागची पाने उलटली. वरंध घाट पट्टी लावून सरळ रेघेने खोडला होता. पुढच्या योजनेत आंबेनळी खोडला होता. त्यापुढच्या योजनेत पसरणी. प्रत्येक रेघेशेजारी शेऱ्याच्या रकान्यात त्याच टपोऱ्या अक्षरात लिहिले होते: 'सरांच्या गाडीस त्रास.'

मी एकेक वर्ष टाळत होतो आणि हा माणूस एकेक घाट कमी करीत होता.

"अण्णा," मी म्हणालो, "तुम्ही जीप ठरवून जायला हवे होते. मुलगा गाडी पाठवायला तयार होता ना?"

"होता की. ड्रायव्हरसकट." अण्णांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "पण ड्रायव्हर कसा थांबतो, बघितलाय का? खाली उतरतो आणि दार उघडंच ठेवतो. मग आपल्याला कळतंय, ह्याला जायचंय. माझा हात हलतो."

"आणि मुलगा?"

"तो फोनातच काढतो. झाला की बाबा, चला म्हणतो." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मी जल्मभर लोकास्नी थांबा, थांबा म्हणलो. त्यांचाच फोटो होता, म्हणून थांबली. माज्या फोटोसाठी थांबणारं माणूस एकच गावलं. एका रविवारी ढग सरकायला पाऊण तास लागला. तुमी एकदाबी घड्याळाकडं बघितलं न्हाय. तवा मी म्हणलो, डोंगर न्हाय तर न्हाय. सर पायजेत."

त्या पाऊण तासात मी घड्याळ पाहिले नव्हते, हे खरे होते. मात्र त्याचे श्रेय माझ्या संयमाला नाही. ज्या रस्त्यावर चढ नाही, तेथे मला कसलीच घाई नसते. शिवाय त्या कापडाखालच्या माणसाजवळ नुसते उभे राहण्यात मला सुख वाटत होते, हे मी स्वतःशीही कधी बोललो नव्हतो. खाली पेठेत एक रिक्षावाला गर्दीत अडकून भोंगा वाजवत होता. अण्णांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली. योजना मान्य असेल तर चालकाने सही करायची, अशी त्यांची रीत आहे.

मी पेन्सिल घेतली नाही.

"अण्णा, गाडीला काहीही झालेले नव्हते. पहिल्या वर्षीही नाही आणि नंतरही नाही. घाटाला गाडी भीत नाही, मी भितो. ते सांगायची लाज वाटली, म्हणून चार वर्षे तुमच्याशी खोटे बोललो आणि तुमचे तिन्ही घाट मी खाल्ले. माझे चुकले, अण्णा. मला क्षमा करा."