मासोळीची कावीळ

जावईबापू बसगाड्यांची वेळापत्रकं आखायचे. मग घरच्या बुटक्या सिक्लिड माशांनाच का सोडतील? "मंगळवारी अंडी, शुक्रवारी पिल्लं!" त्यांनी बायकोला ठणकावून सांगितलं. बायको नुसती "हं" म्हणाली. याआधी दोनदा अंडी बुरशीने गेली होती आणि हे वेळापत्रक ऐकून तिचे कान किटले होते.

तिसऱ्या खेपेला मात्र मादीने टाकीतल्या पालथ्या कुंडीत खरंच अंडी घातली! अंडी राखताना ही मादी हळदीसारखी पिवळीधमक होते आणि जवळ फिरकणाऱ्या नवऱ्यावर तुटून पडते. रात्रभर टाकीपाशी जागून जावईबापू इतके थकले होते, की हसायला तोंड उघडलं तर जांभईच आली! तसेच कामावर गेले.

घरी पाहुण्या आलेल्या सासूबाई होत्या. चाळीस वर्षं नर्स! मोतीबिंदू काढून आठवडा झालेला, त्यामुळे जगातले सगळे रंग नव्याने दिसत होते. दुपारी त्यांनी टाकीत डोकावलं आणि लगेच फोन लावला.

"जावईबापू, कावीळ झालीय हो!"

जावईबापूंच्या दुसऱ्या कानाला भर रस्त्यात बंद पडलेल्या बसचा ड्रायव्हर होता. "कोणाला?"

"त्या लहानगीला. वेगळं ठेवू ना?"

शेजारची पोरगी असेल, असं त्यांना वाटलं. "ठेवा, ठेवा! आणि डॉक्टरांना विचारा."

"मला कोणाला विचारायची गरज नाही!"

संध्याकाळी घरी येऊन बघतात तो काय! मादी झाकण लावलेल्या पातेल्यात. टाकीत नर एकटाच, पोट टम्म फुगलेलं. आणि कुंडी स्वच्छ! एक अंडं शिल्लक नाही.

"आई, हे काय केलंत!"

"चार तास उशाशी बसलेय मी," सासूबाई म्हणाल्या. "बिचारी सारखी धडका देत होती. तापात बरळतात ना माणसं, तसं. आता शांत आहे."

सासूबाई डोळ्यांत औषधाचे थेंब घालून, मान ताठ धरून अजून पातेल्यापाशीच बसल्या होत्या.

मादीला जावईबापूंनी अलगद टाकीत सोडलं. ती थेट कुंडीत शिरली. क्षणभराने बाहेर आली आणि नवऱ्याच्या अंगावर अशी धावून गेली, की त्याचं शेपूट फाटलं!

"बघा!" सासूबाईंनी टाळी वाजवली. "आली की नाही अंगात ताकद?"

"आली," जावईबापू म्हणाले आणि नराला वाचवायला जाळी आणायला उठले.